शांत बेटांची पदयात्रा

मन्मथअप्पांनी छत्तीस वर्षं चौथीच्या पोरांना बेटाची व्याख्या शिकवली. चारी बाजूंनी पाणी असलेला जमिनीचा भाग म्हणजे बेट. व्याख्या पाठ झाली की ते पोरांना शाळेमागे नेत, काठीनं जमिनीवर गोल चर काढत, मधे एका पोराला उभं करत आणि चरात घागरभर पाणी ओतत. मधलं पोरगं म्हणजे बेट. पाणी जमिनीत जिरेपर्यंत ते बेट, जिरलं की पुन्हा पोरगं. असं शिकलेलं कुणी विसरत नाही, असा अप्पांचा अनुभव होता.

गंमत अशी, की खुद्द उंबरखेडीच्या नदीत तीन बेटं होती आणि ती मुद्दाम पाहावीत असं अप्पांना कधी वाटलं नव्हतं. त्या भागात गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतात. खालच्या अंगाला बंधारा झाला, गंगेत बारा महिने पाणी साचायला लागलं, आणि ज्या उंचवट्यांवर पूर्वी लोक वाळकं-खरबुजं लावायचे ते पाण्यात वेगळे पडले. थोरलं बेट, महादेवाचं बेट आणि गाढवबेट. थोरल्यावरून महादेवाच्या बेटावर घोट्याएवढ्या पाण्यातून चालत जाता येतं. काठावरून थोरल्यावर जायला मात्र भुजंगची काहील लागते. काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची भलीमोठी सपाट कढई. तीत चारपाच माणसं उकिडवी बसतात आणि भुजंग बांबूनं ती ढकलतो. जोरात ढकलली तर ती पुढं जाण्याऐवजी जागच्या जागी गोल फिरते, म्हणून भुजंग घाई करणाऱ्याला घेत नसे.

ही बेटं पाहण्यासारखी आहेत, हे अप्पांना त्यांच्या नातीनं सांगितलं.

ईश्वरीला तिच्या आईबापांनी पुण्याला नोकरीपायी जाताना अप्पांकडं ठेवलं होतं, ती दहावीपर्यंत इथंच वाढली. पुढं पर्यटनाचं शिकली आणि थेट व्हेनिसला गेली. तिथं लुचीया नावाच्या एका बाईंकडं ती अडीच वर्षं काम करत होती. काम काय, तर लोकांना चालवणं. व्हेनिस म्हणजे रस्त्यांच्या जागी कालवे असलेलं जुनं शहर. तिथं गर्दी एवढी, की माणसाला पाण्यापेक्षा पाठीच जास्त दिसतात. म्हणून या लुचीयाबाई आठदहा जणांना घेऊन शहराजवळच्या शांत बेटांवर जात आणि दिवसभर पायी हिंडवत. फार बोलायचं नाही, बघायचं, ऐकायचं, चालायचं.

हे गावात सांगताना अप्पांची बरीच दमछाक झाली. मानवतकडचे त्यांचे व्याही कालव्याच्या पाण्यावर शेती करणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की तिथं पाण्याची पाळी किती दिवसांनी येते. ईश्वरी म्हणाली, समुद्राचं पाणी आहे, दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. व्याही थक्क झाले. रोज दोन पाळ्या, त्याही अर्जाशिवाय, आणि लोक त्यात नुसत्या होड्या चालवतात, हे काही त्यांना पटलं नाही.

तर ईश्वरी तीन महिन्यांच्या रजेवर आली होती. आल्यावर चार दिवस गंगेकाठी हिंडली आणि तिच्या डोक्यात आलं, की लुचीयाबाईंच्या यादीत आपली बेटं का नसावीत? तिनं फोटो पाठवले, नकाशे काढले, आणि बाईंनी कळवलं, की मी स्वतः येऊन दोन दिवस चालून बघते. पसंत पडलं तर इथलं काम ईश्वरीनं इथंच राहून सांभाळायचं. नाही पडलं तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तिनं परत व्हेनिसला रुजू व्हायचं. तिकीट काढलेलं होतं.

अप्पांनी यावर एक अक्षर काढलं नाही. पोरांना अडवू नये, हे त्यांचं तत्त्व. बायको उमादेवी जाऊन तीन वर्षं झाली होती, घरात एकट्यासाठी चूल पेटवायचीसुद्धा लाज वाटायची, पण हे नातीला सांगायची गोष्ट नव्हे. त्यांनी फक्त रोज सकाळी लिंगपूजा आटोपल्यावर नकाशातल्या बेटांची नावं सुवाच्य अक्षरात लिहून देण्याचं काम मनापासून केलं. ईश्वरीनं काही मागावं आणि आपण ते नीट करून द्यावं, एवढंच त्यांच्या हातात होतं.

आणि ईश्वरीनं मागितलं तेही अगदी साधं. पाहुण्यांना आणायला गंगाखेडच्या स्टेशनावर जायला निघताना ती म्हणाली, "अप्पा, पंचायतीच्या फळ्यावर एवढं लिहा, की दोन दिवस सकाळी बेटांवर आमची वॉकिंग टूर हाय, तिकडं कुणी येऊ नका, गलका करू नका. बस्स."

अप्पा खडू घेऊन फळ्यासमोर उभे राहिले. पंचायतीच्या फळ्यावर इंग्रजी शब्द लिहायचा, तोही छत्तीस वर्षं शुद्धलेखन शिकवलेल्या हातानं, हे त्यांना जड जात होतं. त्यांनी पर्याय शोधले. पायी सहल म्हणावं, तर लोक पोरांना डबे बांधून पाठवतील. भ्रमंती म्हणावं, तर डोकं फिरलेल्या माणसासारखं वाटतं. पायपीट म्हणजे तर शिक्षाच. मग त्यांना तो शब्द सुचला आणि ते स्वतःशीच हसले. पद म्हणजे पाय. यात्रा म्हणजे प्रवास. पदयात्रा. अर्थाला अर्थ, वजनाला वजन.

राहिलं ते 'येऊ नका'. परगावच्या पाहुण्यांसमोर आपल्याच माणसांना 'येऊ नका' असं फळ्यावर लिहायचं, हे अप्पांना उद्धटपणाचं वाटलं. त्यासाठी सरकारी मराठीत सभ्य वाक्य आहे. त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं:

"उद्या व परवा सकाळी सात वाजता गंगेतील शांत बेटांची पदयात्रा निघणार आहे. परदेशी पाहुणे सहभागी होतील. तरी समस्त ग्रामस्थांनी सहकार्य करावे."

दोन पावलं मागं सरून त्यांनी एकेक वेलांटी तपासली. एकही चूक नव्हती.

आता पदयात्रा म्हटल्यावर उंबरखेडीच्या माणसाला काय कळतं, हे मन्मथअप्पांना ठाऊक असायला हवं होतं. ते स्वतः कपिलधारच्या पदयात्रेला अकरा वेळा चालून गेले होते. वाटेतल्या गावांनी त्यांचे पाय कढत पाण्यानं धुतले होते, चहा पाजला होता, जेवू घातलं होतं. शिवाय पुढाऱ्यांच्याही पदयात्रा गावानं पाहिलेल्या. थोडक्यात, पदयात्रा दोनच प्रकारची. एक देवाची, तिचे पाय धुवायचे. दुसरी मागणीची, तिला पाठिंबा द्यायचा. आणि 'सहकार्य करावे' हे शब्द फळ्यावर आले, की ज्यानं त्यानं आपापल्या घरातून काहीतरी घेऊन यायचं, हे सांगावं लागत नाही. पण त्या दिवशी अप्पा शब्दाची फोड करण्यात इतके रमले होते, की शब्द त्यांच्या डोळ्यांदेखत गावात निघून गेला आणि त्यांना पत्ता लागला नाही. सरपंच नागनाथनं फळ्याचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला, खाली हात जोडलेले.

संध्याकाळी पाहुणे आले. लुचीयाबाई पन्नाशीच्या, उंच, काटक. बरोबर एक म्हातारं जोडपं होतं, त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं चालणारं. अप्पांपुढं पहिली अडचण नावाची आली. इतक्या लांबून आलेल्या सभ्य बाईला चारचौघांत 'लुचीया' अशी हाक मारायची त्यांची जीभच होईना. ऐकणारा काय समजेल! त्यांनी दोन दिवस त्यांना मॅडम म्हणूनच भागवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मंडळी घाटावर आली, तेव्हा गंगेवर धुकं होतं आणि भुजंग काहील घेऊन तयार होता. बाईंना काहील पाहून फार आनंद झाला. त्यांनी हात फिरवून तिचा काठ बघितला, हुंगला, आणि अजून गुळाचा वास येतो म्हणाल्या. ईश्वरीचा चेहरा उजळला. अप्पा मागच्या बाजूला उकिडवे बसले. सगळं मनासारखं होत होतं.

पाण्याच्या मध्यावर आल्यावर हलगी ऐकू आली.

ईश्वरीनं अप्पांकडं पाहिलं. अप्पांनी भुजंगकडं पाहिलं. भुजंग म्हणाला, "तयारी लय जोरात हाय, अप्पा. पाच वाजल्यापासून माणसं टाकायलोय."

थोरल्या बेटावर उसाची कमान उभी होती. कमानीवर कापड, कापडावर 'शांत बेटांच्या पदयात्रेचे हार्दिक स्वागत'. कमानीखाली कमलबाई. ही बचत गटाची अध्यक्ष, आवाज असा की गटाला फोनची गरज पडत नसे. तिच्यासमोर पितळी परात, शेजारी कढत पाण्याची कळशी, आणि मागं दहाबारा बायका हळदीकुंकू घेऊन. म्हाताऱ्या पाहुण्याच्या बुटांना दोन्ही पायांना मिळून नाडीची वीसेक भोकं होती. त्याला वाटलं, बेट पवित्र असावं, बूट चालत नसतील. तो बिचारा खाली बसून नाडी सोडत राहिला आणि हलगीवाला त्याच्या कानाशी वाजवत राहिला. बूट निघाल्यावर कमलबाईनं त्याचे पाय असे चोळून धुतले, की तो संकोचानं बायकोचा हात धरून बसला.

पुढं दर पन्नास पावलांवर काहीतरी होतं. एके ठिकाणी चहा. एके ठिकाणी हुरडा, तो तिथंच भाजून, तळहातावर चोळून द्यायचा, त्यामुळं धूर. एके ठिकाणी टोपी आणि टॉवेल देऊन सत्कार. लुचीयाबाईंना टोपी कुणी घालायची यावर दोघांचं बिनसलं, तेवढ्यात तिसऱ्यानं घातली. पाणकावळे पहिल्या घोषणेलाच उडून पलीकडच्या काठाला गेले होते. घोषणा कसल्या, हे अप्पांना विचारायचा धीर होत नव्हता.

ईश्वरी बाईंच्या कानाशी लागून लागून सांगत होती, की हा आमच्याकडचा आदरसत्कार आहे. बाई मान हलवत होत्या. हसतही होत्या, पण ते हसणं फोटो काढताना धरून ठेवतात तसलं होतं.

शेवटी नागनाथ भाषणाला उभा राहिला. माइक होता. माइकसाठी बॅटरीही काहिलीतून आली होती. ही पदयात्रा कोणत्या मागणीसाठी आहे, हे त्यानं रात्रभर बऱ्याच जणांना विचारलं होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं. पण पंधरा वर्षं राजकारणात काढलेला माणूस एवढ्यावर अडत नाही.

"मॅडम, तुमी सातासमुद्रापलीकडून चालत आलाव," तो म्हणाला. "तुमची जी काही मागणी असंल, तिला या गावाचा जाहीर पाठिंबा हाय."

टाळ्या झाल्या. ईश्वरीनं भाषांतर केलं नाही.

घाटावर उतरल्यावर लुचीयाबाई ईश्वरीला बाजूला घेऊन काहीतरी म्हणाल्या आणि पाहुण्यांना विश्रांतीला घेऊन गेल्या. ईश्वरी तिथंच पायरीवर बसली.

अप्पांनी विचारलं, काय म्हणाल्या.

"म्हणाल्या, माणसं लय प्रेमळ हायेत. पण माझे लोक शांततेसाठी येतात, ती इथं कुठं दाखवू?" ईश्वरी पाण्याकडं बघत म्हणाली. "उद्या सकाळी एकदा बघतील, दुपारच्या गाडीनं जातील. अप्पा, तुमी फळ्यावर लिहिलं तरी काय?"

अप्पांनी वाक्य म्हणून दाखवलं. पोरीनं कपाळाला हात लावला. मग तिला हसू आलं, मग रडू आलं, आणि दोन्ही आवरून ती पाहुण्यांच्या जेवणाचं बघायला उठून गेली. एक शब्द लागट बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं अप्पांना वाटलं. छत्तीस वर्षांत त्यांनी हजारो चुका लाल शाईनं गोल केल्या होत्या. ही त्यांची स्वतःची, आणि हिच्याभोवती गोल काढून काही होणार नव्हतं.

उन्हं उतरल्यावर ते पंचायतीच्या पायऱ्यांवर गेले. नागनाथ, कमलबाई आणि निम्मं गाव तिथंच होतं, सकाळच्या यशाबद्दल बोलत होतं. अप्पांना पाहून सगळे उठले. कमलबाईनं सांगितलं, की उद्याची व्यवस्था याहून चांगली आहे.

अप्पांनी हात जोडले आणि सरळ सांगितलं, की चूक माझी आहे. ही पदयात्रा देवाची नाही, मागणीची नाही. ही माणसं नुसती चालायला आणि शांतता ऐकायला आलीत. आवडलं तर ईश्वरी इथं राहील, नाही आवडलं तर जाईल. तेव्हा उद्या—

इथं ते अडखळले. 'तेव्हा उद्या कुणी येऊ नका' एवढं म्हणायचं होतं. समोर जे बसले होते त्यातल्या बहुतेकांना त्यांनी चौथीत शिकवलं होतं. पोरगं कितीही दंगा करो, अप्पांनी कधी कुणाला वर्गाबाहेर काढलं नव्हतं. ते वाक्य त्यांच्या तोंडात कधी बसलंच नव्हतं.

"तेव्हा उद्या शांतता पाहिजे," ते म्हणाले.

नागनाथच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला. "म्हणजे मूक! अप्पा, मग तसं लिहायचं की. मूक म्हणलं असतं तर कुणाची बिशाद हाय का तोंड उघडायची?"

सगळ्यांना एकदम उलगडा झाला. मूक मोर्चा कुणाला माहीत नव्हता? कसं चालायचं, ओळी कशा करायच्या, शेवटी काय करायचं, सगळं ठरलेलं. अप्पांनी "तसं नव्हे" म्हणायला तोंड उघडलं, पण सगळ्या डोळ्यांत चूक दुरुस्त करायची अशी घाई दिसली, की ते मिटलं. बरं, मूक तर मूक. घरी येऊन त्यांनी ईश्वरीला एवढंच सांगितलं, की उद्या आवाज होणार नाही. हे खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धुकं आणखी दाट होतं. काहील पाण्यावरून सरकत होती तेव्हा बांबूचा डुबुक आवाज तेवढा येत होता. लुचीयाबाईंनी डोळे मिटून घेतले. ईश्वरीनं अप्पांचा हात दाबला.

बेटावर पाय ठेवला. कमान नव्हती, परात नव्हती. वीस पावलं गेल्यावर धुक्यातून माणसं दिसायला लागली.

दोन्ही बाजूंना ओळी. दीडशे तरी असतील. प्रत्येकाच्या दंडाला काळी फीत, प्रत्येकाच्या तोंडावर रुमाल बांधलेला. हलगीवाला होता, हलगी नव्हती. कुणी हलत नव्हतं. फक्त डोळे, आणि ते सगळे पाहुण्यांवर.

म्हातारा पाहुणा थबकला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. लुचीयाबाईंनी ईश्वरीला अगदी हळू आवाजात काहीतरी विचारलं.

ईश्वरी अप्पांकडं वळली. "विचारायल्यात, कोण वारलं?"



मग मंडळी चालायला लागली, कारण दुसरं काय करणार? ती चालली तसं गावही मागं चालायला लागलं. दोनदोनच्या ओळीत. बायका पुढं, माणसं मागं, जसं मूक मोर्चात असतं तसं. तीनशे पायांखाली ओली वाळू दबत होती आणि तेवढाच आवाज होता.

पहिल्यांदा अप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण थोडं चालल्यावर त्यांच्या कानांना काहीतरी वेगळं व्हायला लागलं. टिटवी ओरडली, तिचं ओरडणं पाण्याला लागून परत आलं. बाभळीवर खंड्या बसला होता, तो उडाला नाही. खूप लांब, गंगाखेडच्या अंगाला कारखान्याचा भोंगा झाला आणि तो संपेपर्यंत ऐकू आला. चौऱ्याहत्तर वर्षांत उंबरखेडीची माणसं एका ठिकाणी जमली आहेत आणि टिटवी ऐकू येते आहे, असं त्यांनी कधी अनुभवलं नव्हतं.

मधे एकदा नागनाथला शिंक आली. ती त्यानं अशी दाबली, की त्याचे डोळे पाण्यानं भरले आणि मागचा माणूस त्याची पाठ चोळत राहिला. एकदा कुणाचा तरी फोन वाजला. त्यानं तो काढलाही नाही, तिथंच मटकन वाळूत बसला आणि वाजायचा थांबेपर्यंत त्यावर बसून राहिला. लुचीयाबाईंच्या खांद्यांना हिसका बसला. त्या रडतात की काय, असं अप्पांना वाटलं. पण त्या हसत होत्या, आवाज न करता. कालच्यासारखं नव्हे.

थोरल्या बेटाच्या टोकाला पाणी लागलं. म्हाताऱ्या पाहुणीचा पाय शेवाळावरून सरकायला लागला, तशी कमलबाई ओळीतून पुढं आली, तिनं तिचा हात धरला आणि पलीकडं नेलं. पलीकडं गेल्यावरही दोघींनी हात सोडले नाहीत. कमलबाई एवढा वेळ गप्प राहू शकते, हे तिच्या नवऱ्यालाही त्या दिवशी कळलं.

महादेवाच्या बेटावर, पिंडीपाशी, सगळे थांबले. आणि मूक मोर्चाच्या शेवटी जे व्हायचं ते झालं. पाच मुली पुढं आल्या. त्यांच्या हातात पंचायतीच्या कागदावर लिहिलेलं निवेदन होतं. त्यांनी ते लुचीयाबाईंना दिलं आणि मागं सरून उभ्या राहिल्या.

बाईंनी कागद ईश्वरीला दिला. ईश्वरीनं वाचला, लाल झाली आणि अप्पांपुढं धरला. "हे तुमीच सांगा, अप्पा. मला न्हाई जमणार."

अप्पांनी चष्मा लावला. अक्षर नागनाथचं होतं, चौथीतही असंच होतं.

"प्रति, मा. मॅडम, व्हेनिस. विषय : कु. ईश्वरी हिला गावातच ठेवण्याबाबत. महोदया, उपरोक्त विषयी विनंती करण्यात येते की, आपण कु. ईश्वरीस परत नेऊ नये. ती गेल्यास मन्मथअप्पा एकटे पडतील. ते तोंडाने सांगणार नाहीत. शिवाय ते दिवसभर आम्हास शुद्धलेखन शिकवतील. तरी आमच्या मागणीचा विचार न झाल्यास गावास तीव्र आंदोलन छेडावे लागेल व होणाऱ्या परिणामास आपण जबाबदार राहाल. कळावे."

खाली एकशे सत्तेचाळीस सह्या आणि बारा अंगठे होते.

अप्पांचं इंग्रजी पहिलीच्या पुस्तकाएवढं. मांजर आहे, चेंडू आहे, मी जातो, तू येतोस. तेवढ्यातूनच ते एकेक शब्द उचलून मांडायला लागले. मुलगी आहे. मुलीला नेऊ नका. इथवर आले आणि पुढच्या ओळीवर थांबले. ती गाळून पुढं जाता आलं असतं. ईश्वरी दुसरीकडं बघत होती, बाईंना मराठी येत नव्हतं. पण धड्यातली ओळ गाळायची नाही, हे त्यांनीच सगळ्यांना शिकवलेलं, आणि शिकवलेले सगळे तोंडाला रुमाल बांधून ऐकत उभे होते.

त्यांनी ती ओळ वाचली. म्हातारा माणूस एकटा पडेल. मग कागदावरच्या नावावर बोट ठेवलं, ते बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं आणि सांगितलं, की हा जो मन्मथअप्पा आहे, तो मी.

ईश्वरी झटकन वळली. तिनं आजोबांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं, इंग्रजीत तर नाहीच.

लुचीयाबाई बोलल्या ते बराच वेळ, आणि ईश्वरी थांबत थांबत सांगत गेली. त्यांच्याकडच्या एका बेटावर पूर्वी हजारो माणसं राहायची. आता दोन हातांच्या बोटांवर मोजावी इतकीच उरली. शाळा नाही, दुकान नाही. तिथं शांत असतं कारण तिथून सगळे गेले. मी लोकांना तेच दाखवत आले. एवढी माणसं असूनसुद्धा शांत असलेलं बेट मी पहिल्यांदा बघितलं.

"म्हणतात, एक हंगाम करून बघू," ईश्वरी म्हणाली. "यंदा होळीपर्यंत. महिन्यातून दोनदा, आठआठ माणसं. मी इथं राहून बघायचं. फक्त म्हणतात, माणसं दहा-पंधराच असू देत, आणि त्या काळ्या फिती नकोत. त्यांच्या लोकांना भीती वाटंल."

कुणी काही बोललं नाही. मूक मोर्चा अजून संपल्याचं जाहीर झालं नव्हतं. नागनाथनं रुमाल खाली ओढला, खिशातून निवेदनाची दुसरी प्रत काढली आणि बाईंपुढं धरली.

"मॅडम, पोच द्या."

पोच म्हणजे काय, हे बाईंना समजावताना ईश्वरीला नाकी नऊ आले. शेवटी त्यांनी प्रतीवर सही केली, तारीख घातली, आणि त्यासरशी दीडशे रुमाल सुटले. इतका वेळ आत कोंडलेलं सगळं बोलणं एकदम बाहेर आलं. दर खेपेला गप्प राहायला दहा-पंधरा माणसं कोण, यावर लगेच वाद सुरू झाला. नागनाथ म्हणाला, प्रत्येक गल्लीतून दोन घ्या. भुजंग म्हणाला, माझी गणती बोलणाऱ्यात धरा, न्हाईतर काहील गोल फिरताना मी सांगू कसं? कमलबाईनं सांगितलं, की गप्प बसायला बायकाच लागतील, पुरुषांच्यानं होत न्हाई, आणि हे तिनं एवढ्या मोठ्यानं सांगितलं, की पलीकडच्या बाभळीवरचा खंड्या उडाला. लुचीयाबाई वाळूत बसून पाय पाण्यात सोडून हे सगळं ऐकत होत्या.

अप्पा बाजूला येऊन चष्मा पुसत उभे राहिले. ईश्वरी त्यांच्याजवळ आली.

"होळीनंतर गं?" अप्पांनी विचारलं. एकदा तोंड उघडलं होतंच, तर आता विचारायला हरकत नव्हती.

ईश्वरीनं त्यांच्या हातातला चष्मा घेतला आणि ओढणीच्या पदरानं नीट पुसून परत दिला.

"होळीनंतर ऊन लय असतं, अप्पा," ती म्हणाली. "त्या उन्हात कुणी कुठं जातं का?"